मिठ्ठूची चोच



आकाशवाणीवरून मी आजवर तुमच्याशी बोललो तो कवितेच्या निमित्तानं. आज मात्र एका पोपटाच्या तुटलेल्या चोचीविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटेल. पण गेल्या वर्षी त्या पाऊण इंचाच्या चोचीनं आमच्या घरात जे घडवलं, ते सांगून टाकल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येईल असं वाटत नाही. शिवाय यात थोडा कबुलीजबाबही आहे. तो मनातल्या मनात देण्यापेक्षा चार लोकांत दिलेला बरा.

आमचे वडील शिंपी. नाना पेठेत त्यांचं छोटं दुकान होतं. पुढे आम्ही पेठेतली जागा सोडून कोंढव्याला राहायला आलो आणि वय झाल्यावर अब्बांनी दुकानही बंद केलं. मशीन मात्र विकलं नाही. ते घरी आलं, गॅलरीच्या दाराशी बसलं आणि जुनी गिऱ्हाइकं तिथवर यायला लागली. २००९ च्या फेब्रुवारीत सायकलच्या मागे टोपली बांधलेला एक माणूस आमच्या गल्लीत आला. टोपलीत पोपटाची पिल्लं होती. अंगावर धड पिसं नाहीत, डोळे मोठे, माना लुळ्या. अब्बांनी त्यातलं एक उचललं, पैसे दिले आणि कापडाच्या चिंध्यांत गुंडाळून घरात आणलं. उरलेल्या पिल्लांचं काय झालं असेल, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कुणालाही पडला नाही.

त्याचं नाव मिठ्ठू. नावात आम्ही काही कल्पकता दाखवली नाही. अम्मीनं त्याला भिजवलेली डाळ बोटानं भरवून वाढवलं. तिसऱ्या वर्षी त्याला कंठ फुटला, तो दोन्ही अर्थांनी. गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी आली आणि तो बोलायलाही लागला. तो जे शिकला ते आम्ही शिकवलेलं नव्हतं. शिंप्याच्या दुकानात दिवसातून वीस वेळा उच्चारलं जाणारं एक वाक्य असतं, तेवढंच त्यानं उचललं : 'उद्या या.' आधी अब्बांसारखा खोकायचा आणि मग अगदी त्यांच्याच आवाजात म्हणायचा, 'उद्या या.' दारावरची घंटी वाजली की हे ठरलेलं. एकदा कुरिअरवाला पोऱ्या खरोखरच माघारी गेला होता.

२०१६ मध्ये अब्बा गेले. घरातून त्यांचे कपडे गेले, चष्मा गेला, मशीनवर कापड टाकलं गेलं. आवाज मात्र राहिला. घंटी वाजली की पिंजऱ्यातून खोकला यायचा आणि पाठोपाठ 'उद्या या'. पहिल्या काही महिन्यांत अम्मी ते ऐकून आतल्या खोलीत निघून जायची. नंतर नंतर ती त्याची वाट बघायला लागली. कुणी आलं नाही तर स्वतःच उठून घंटी दाबायची. हे मी एवढ्यासाठी सांगतो आहे, की पुढे मी जे केलं किंवा केलं नाही, त्याचं कारण तुमच्या लक्षात यावं.

एप्रिलमधला रविवार होता. मी पिंजरा साफ करायला घेतला होता, दार उघडं होतं. पूर्वी मी त्याच्या पंखांची टोकं कापत असे. या खेपेला बरेच महिने ते राहून गेलं होतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मिठ्ठू दचकला आणि भुर्रकन उडाला. डोक्यावर पंखा फिरत होता. एक 'टक्' असा आवाज झाला. तेवढाच.

तो भिंतीशी पडला होता. वरच्या चोचीचा पुढचा जवळजवळ निम्मा भाग तुटून एका बाजूला लोंबत होता आणि रक्त येत होतं. अम्मी दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मिठ्ठू का मुँह टूटा रे!" मी हळद आणली आणि जखमेवर दाबली. आपल्या घरांत दुसरं काय सुचतं? मग चमच्यानं पाणी पाजायला गेलो, तर त्याला जोराचा ठसका लागला आणि तो मान टाकायला लागला. या दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या, हे मला नंतर कळलं.

जवळच्या एका दवाखान्यात फोन केला. पलीकडून विचारलं, "कुठला पोपट? लव्ह बर्ड्स का?" म्हटलं, "नाही, आपला साधा." "देशी पोपट आम्ही बघत नाही. वनखात्याला कळवा." दुसऱ्या ठिकाणीही हेच उत्तर. मी फोन खाली ठेवला.

श्रोतेहो, कबुलीजबाब इथून सुरू होतो. देशी पोपट पाळणं हा गुन्हा आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडच्या पोपटांना संरक्षण आहे. पूर्वी हा कंठीवाला पोपट कायद्याच्या अनुसूची चारमध्ये होता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो अनुसूची दोनमध्ये आला आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तो पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं या सगळ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. माझ्या मुलीनं मला हे कित्येकदा सांगितलं होतं. मी म्हणायचो, "घरोघरी पोपट आहेत. आपण काय त्याला छळतो का?"

आणि दुसरी गोष्ट सांगायला अधिक जड जाते. माझी पिंजऱ्यावरची एक कविता आहे. कविसंमेलनांत तिला बऱ्यापैकी टाळ्या पडतात. त्या टाळ्या घेऊन मी घरी यायचो, तेव्हा गॅलरीतला पिंजरा मला कधी दिसलाच नाही.

त्या रात्री मी घाबरलो होतो. वनखात्याला कळवलं तर मिठ्ठू जाणार, अम्मीचं काय होणार, आपल्यावर काय बालंट येणार, असं सगळं एकदम डोक्यात आलं. अम्मीनं विचारलं, "आता?" मी म्हणालो, "उद्या बघू." अब्बांचा शब्द त्या रात्री माझ्या तोंडून बाहेर पडला. पोपट गप्प होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी आली. तिनं खोक्यात डोकावून पाहिलं आणि मला म्हणाली, "अब्बू, कवितेत किती वेळा उघडलात पिंजरा?" मग तिनं तासभर फोन करून पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता काढला. रात्री आठ वाजता आम्ही त्यांच्या टेबलासमोर होतो.

त्यांनी आधी मिठ्ठूला हातात न घेता दोन मिनिटं नुसतं पाहिलं, मग वजन केलं. १०१ ग्रॅम. असा पोपट साधारण सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असतो. त्यांनी विचारलं, "कधी लागलं?" मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, याच्या अंगात सगळं मिळून चहाचे दोन चमचे रक्त असतं. तुम्ही तीस तास थांबलात." ते वाक्य अजून माझ्या कानांत आहे.

मग त्यांनी मला चोच म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आपल्याला वाटतं, चोच म्हणजे शिंगासारखी कोरडी, निर्जीव वस्तू. तसं नाही. आत हाड असतं, पोकळ आणि हलकं. त्यावर आपल्या नखांच्या जातीचं कठीण आवरण असतं आणि ते नखांसारखंच सतत वाढत राहतं. या दोहोंच्या मध्ये रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात. टोकाशी तर स्पर्श जाणणारी सूक्ष्म केंद्रं असतात, आपल्या बोटांच्या टोकांवर असतात तशी. म्हणजे चोच तुटणं हे नख तुटणं नव्हे, बोट तुटणं आहे. पोपटाच्या बाबतीत तर त्याहून जास्त. त्याची वरची चोच कवटीला बिजागरीसारखी जोडलेली असते, ती स्वतंत्रपणे हलते. तिनं तो खातो, पिसं साफ करतो आणि चढतोसुद्धा. चढताना पोपट चोचीचा उपयोग चक्क तिसऱ्या पायासारखा करतो, हे २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजमाप करून दाखवलं. तोंड, हात आणि पाय एकदम गेले तर माणसाचं काय होईल, त्याचा विचार करा.

टोकाचं नुसतं आवरण तुटलं असतं तर काही महिन्यांत ते भरून आलं असतं. इथे हाडही गेलं होतं. हाड परत येत नाही. डॉक्टरबाईंनी क्ष-किरण फोटो काढला, मिठ्ठूला भूल दिली, लोंबणारा तुकडा काढला, जखम स्वच्छ केली. माझी हळद काढायलाच त्यांची दहा मिनिटं गेली. त्या म्हणाल्या, "अशा वेळी स्वच्छ कापसानं हलकं दाबून रक्त थांबवायचं आणि हवा जाईल अशा अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवायचं. तोंडात पाणी ओतायचं नाही. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं."

मी विचारलं, "पंखा एवढासा लागला आणि एवढी चोच कशी तुटली?" त्यांनी विचारलं, "खायला काय देता?" मी अभिमानानं सांगितलं : सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, हिरवी मिरची, चहात बुडवलेलं बिस्किट. मिरचीचं एक बरं आहे, पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही. पण नुसत्या तेलकट बिया आणि दाणे खाणाऱ्या पोपटाला अ जीवनसत्त्व मिळत नाही, यकृत खराब होतं, चोचीचं आवरण ठिसूळ होतं, त्याला पापुद्रे सुटतात. मिठ्ठूच्या चोचीला ते दोन वर्षं सुटत होते. आम्हाला वाटायचं, वय झालं.

शेवटी त्या म्हणाल्या, "जीव आधी. उपचार मी करते. पण हा बरा झाला की तुम्ही वन विभागाला कळवायचं. शब्द द्या." मी शब्द दिला.

तीन दिवसांनी मिठ्ठू घरी आला आणि त्याची शुश्रूषा सुरू झाली. पिंजऱ्यातल्या उंच दांड्या काढल्या, एकच दांडी तळापासून चार बोटांवर बांधली, खाली जुना टॉवेल अंथरला. कारण त्याला चढता येत नव्हतं. जुन्या सवयीनं तो गजाला चोच लावायला जायचा आणि पडायचा. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा गॅलरीत आला. रोज सकाळी उपाशीपोटी वजन, वहीत नोंद. १०१, ९८, ९६. पहिल्या आठवड्यात ते आकडे बघताना माझे हात थरथरायचे. पक्षी आपलं दुखणं लपवतो, वजन लपवू शकत नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

दिवसातून सहा वेळा भरवायचं. पिल्लांसाठी मिळणारी भुकटी कोमट पाण्यात कालवायची, तापमापकावर चाळीस अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, कारण गळ्याशी असलेली अन्नाची पिशवी आतून भाजते. सुई नसलेल्या सिरिंजनं त्याच्या डाव्या बाजूकडून उजवीकडे, थेंब थेंब. त्याची अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूला असते. वेदनाशामक औषधाचे थेंब वेगळे, जखम धुण्याचं सलाईन वेगळं. चौऱ्याऐंशी वर्षांची अम्मी त्याला टॉवेलमध्ये अलगद धरायची आणि मी भरवायचो. पहाटे सहाला फज्रच्या नमाजनंतर पहिला घास आणि रात्री दहाला शेवटचा.

या दिवसांत तो एक अक्षरही बोलला नाही. मला वाटलं, चोच गेली म्हणून वाचा गेली. तेही खरं नव्हतं. पोपटाचा आवाज चोचीतून तयार होत नाही. छातीत, जिथे श्वासनळीला दोन फाटे फुटतात, तिथे तो तयार होतो आणि जीभ त्याला आकार देते. बोलण्याचं सगळं साहित्य त्याच्याकडे शाबूत होतं. तो बोलत नव्हता, एवढंच.

दुसऱ्या भेटीत मी डॉक्टरबाईंना कृत्रिम चोचीविषयी विचारलं. मी कुठंतरी वाचलं होतं. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकामध्ये २०१५ साली काही तरुणांनी एका टूकन पक्ष्याची वरची चोच तोडली. लोक खवळले, पैसे जमले आणि पुढे त्याला त्रिमितीय छपाईनं तयार केलेली चोच बसवली गेली. त्या प्रकरणानं तिथे प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्धच्या कायद्याच्या मागणीला जोर आला आणि २०१७ मध्ये तो कायदा झाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "टूकन फळं उचलून गिळतो. पोपट चोचीनं फोडतो, कुरतडतो, लटकतो. याच्या उरलेल्या तुकड्यावर काही बसवलं तर दोन दिवसांत उखडेल आणि उरलेलं हाडही घेऊन जाईल." मग त्यांनी मोबाईलवर मला न्यूझीलंडचा एक पोपट दाखवला. 'किआ' जातीचा, नाव ब्रूस. २०१३ मध्ये तो सापडला तेव्हा त्याला वरची चोच नव्हतीच. क्राइस्टचर्चच्या विलोबँक अभयारण्यात तो वाढला. वरच्या चोचीशिवाय पिसं साफ करता येत नाहीत, तेव्हा या पठ्ठ्यानं युक्ती काढली. एक खडा निवडायचा, तो जीभ आणि खालची चोच यांच्यात धरायचा आणि खड्यानं पिसं घासायची. ही गोष्ट त्याला कुणी शिकवली नव्हती. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यावर निबंध प्रसिद्ध केला.

ते पाहून आल्यावर आम्ही मिठ्ठूच्या थाळीत उकडलेलं रताळं, लाल भोपळा, गाजर, मऊ शिजवलेली बिनमिठाची डाळ ठेवायला लागलो. पहिले चार दिवस त्यानं ती नुसती तुडवली. पाचव्या दिवशी अम्मीनं मला हाक मारली. मिठ्ठू रताळ्याचा गोळा थाळीच्या काठाशी ढकलत नेत होता आणि तिथे दाबून धरून खालच्या चोचीनं खरवडत होता. वरच्या चोचीचं काम त्यानं थाळीच्या काठाकडून करून घेतलं. त्या दिवशी वहीत १०४ असा आकडा आहे आणि त्यापुढे माझ्या हस्ताक्षरात नुसतं 'रताळं' एवढंच लिहिलेलं आहे.

मे संपत आला. वजन ११८ झालं. जखम सुकली. आता दिलेला शब्द पाळायचा होता. मी रोज ठरवायचो आणि रोज पुढे ढकलायचो. म्हणायचो, अजून थोडी ताकद येऊ दे; या उन्हात न्यायला नको; अम्मीची तब्येत बरी नाही. डॉक्टरबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं की, वरची चोच नसल्यामुळे खालची झिजणार नाही, ती वाढतच राहील. दर तीन-चार आठवड्यांनी जाणकार हातांनी ती घासावी लागेल, जन्मभर. त्याला रानात सोडता येणार नाही. आणि पोपट हा थव्यानं राहणारा जीव आहे, त्याला त्याच्या जातीची सोबत लागते. हे सगळं मी ऐकलं होतं आणि अम्मीला त्यातलं अर्धंच सांगितलं होतं.

बकरीद आठवड्यावर आली होती. रात्रीचं भरवणं झालं, अम्मीनं टॉवेल घडी करता करता विचारलं, "हे पोपट किती वर्षं जगतात?" मी म्हटलं, "पंचवीस-तीस." तिनं बोटांवर हिशेब केला. मिठ्ठूला सोळावं सरत होतं. ती म्हणाली, "माझ्यानंतर तू. तुझ्यानंतर याच्या तोंडात घास कोण घालणार?" मी काही बोललो नाही. मग ती जे म्हणाली, ते मी तिच्याच शब्दांत सांगतो, मराठी करून. "तुझे अब्बा सगळ्यांना उद्या या, उद्या या म्हणायचे. पण ईदच्या आदल्या रात्रीपर्यंत ज्याचा त्याचा कपडा ज्याच्या त्याच्या घरी गेलेला असायचा. दिवाळीलाही तसंच. तू कुणाचा कपडा ठेवून घेतला आहेस?"

अर्धंच सांगितलं तरी तिला सगळं कळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही १९२६ हा नंबर फिरवला. तो वन विभागाचा मदत क्रमांक आहे. मी सगळं खरं सांगितलं : कधी आणला, किती वर्षं ठेवला, कसं लागलं. एका कागदावर लिहून सही केली. माझ्यावर कारवाई झाली नाही. झाली असती तर तक्रार करायला मला तोंड नव्हतं. मिठ्ठूला उपचार केंद्रात नेताना अम्मी गाडीपर्यंत आली. तिनं पिंजऱ्याला हात लावला नाही. फक्त रताळ्याचा डबा माझ्या हातात दिला आणि सांगितलं, "त्यांना सांग, काठाशी लागतं."

आपल्या जुन्या गोष्टींत पोपट फार बोलतो. संस्कृतातल्या 'शुकसप्तती'त तो सत्तर रात्री गोष्टी सांगून मालकिणीला घराबाहेर पडू देत नाही. चौदाव्या शतकात नख्शबीनं फारसीत 'तूतीनामा' लिहिला, त्यातही तेच. मराठीत 'शुकबहात्तरी' झाली. धर्म बदलले, भाषा बदलल्या, पोपट मात्र सगळीकडे माणसाच्याच घरातल्या भानगडी सांभाळत बसलेला. मला या गोष्टी आवडतात, आजही आवडतात. पण आता वाचताना एक प्रश्न मध्येच डोकं वर काढतो : या पोपटाला ढोलीतून काढला तेव्हा टोपलीत आणखी किती होते?

कारण बाजारात मिळणारा देशी पोपट हा बहुतेक वेळा झाडाच्या ढोलीतून उचललेला असतो. हिवाळा सरता सरता पोपटांची वीण सुरू होते आणि त्याच दिवसांत टोपल्या फिरायला लागतात. टोपलीतली सगळी पिल्लं जगत नाहीत. जे जगतं ते आपण घेतो आणि म्हणतो, आम्ही त्याला जीव लावला. लावतोही. अम्मीनं लावला, यात मला शंका नाही. पण मिठ्ठूची चोच पंख्यानं मोडली असं मी दोन महिने सगळ्यांना सांगत होतो, ते काही पूर्ण खरं नाही. पंख्याखाली त्याला आम्ही आणला होता. पंख कापले आम्ही, बिस्किटं दिली आम्ही. तीस तास थांबलो तोही आमच्यापैकीच एक होता.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा पोपट असेल, तर त्यांना मी उपदेश करणार नाही. मला तो अधिकार नाही. एवढंच सांगतो की पिंजऱ्याचं दार उघडून त्याला एकदम उडवून देऊ नका. माणसाच्या हातावर वाढलेल्या पक्ष्याला ना अन्न शोधता येतं, ना मांजर ओळखता येतं. वन विभागाला कळवा. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारखी संस्था जखमी वन्यजीवांसाठी काम करते. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करत आलं आहे. आणि पक्षी जखमी असेल तर भीतीपोटी थांबू नका. दोन चमचे रक्त असतं.

ऑक्टोबरमध्ये मला एकदा मिठ्ठूला लांबून बघायची परवानगी मिळाली. मोठ्या जाळीच्या आत सात-आठ पोपट होते. कुणाचा पंख गेलेला, कुणाचा डोळा. मिठ्ठू एका जाड फांदीवर होता. खालची चोच घासून नीट केलेली. शेजारचा एक पोपट त्याच्या मानेची पिसं साफ करत होता, जी त्याला स्वतःला आता करता येत नाहीत. आणि तो बोलत होता. किर्र किर्र असं काहीतरी, मध्येच शीळ, मध्येच घोगरं गुरगुरणं. सोळा वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मी दहा मिनिटं उभा राहिलो. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. खोकला नाही, 'उद्या या' नाही.

घरी आल्यावर अम्मीनं विचारलं, "बोलला का काही?"

मी म्हणालो, "बोलला. खूप बोलला. पण आपल्याशी नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग गॅलरीतल्या रिकाम्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो भंगारात देऊ नकोस. दुसरा कुणी दुसरा आणून ठेवील त्यात." मी पक्कड आणली आणि आम्ही दोघांनी बसून त्याच्या तारा एकेक करून कापल्या. बराच वेळ लागला. मध्ये एकदा दारावरची घंटी वाजली. आम्ही दोघंही थांबलो. मग अम्मीच उठली आणि दार उघडायला गेली.